मिकी माऊसची पाठ

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत शाळेच्या आठवणी बाकीचे लिहितीलच. जीवशास्त्राच्या तासाला भिंगाखाली फूल धरायला ज्या बाकावर शिकलो, तिथे आज बसणाऱ्यांच्या उपयोगाचं, ओळख पटेल असे फुलांचे फोटो काढण्याबद्दल, थोडं लिहितो.

भाद्रपदात कासच्या पठारावर कवला फुलतो. पिवळ्या फुलावर दोन तांबडे ठिपके, म्हणून लोक त्याला मिकी माऊस म्हणतात आणि समोरून फोटो काढून मोकळे होतात. पण कवल्याच्या जाती ओळखताना निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांमागचा हिरवा पेला, पाहावा लागतो: शिरा समांतर आहेत की जाळीदार, राठ केस आहेत का, असले तर कुठे. २०१२ पासून हे पठार जागतिक वारशात आहे. फूल तोडून आणायचं नाही, म्हणजे नमुन्याचं काम फोटोनंच करायला हवं. फूल समोरून, बाजूनं आणि मागून घ्या. पर्णिका (एका पानाची छोटी पानं) मोजता येतील असं पान, अख्खं रोप आणि भोवतालची जमीनही घ्या.

मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो घेणाऱ्या लेन्सनं १:१ प्रमाणात (सेन्सरवर वस्तूच्या खऱ्या आकाराएवढी प्रतिमा) घेतलं तर मोठ्या, ‘फुल-फ्रेम’ सेन्सरच्या कॅमेऱ्यात ३६ × २४ मिमीचा तुकडा मावतो. एफचा आकडा लेन्सच्या छिद्राचा: आकडा मोठा तितकं छिद्र लहान आणि स्पष्ट भाग खोल. एफ ८ ला त्यातला जेमतेम १ मिमी खोलीचा भाग स्पष्ट येतो. म्हणून एफ २२ लावायचा मोह होतो. लावू नका. इतक्या जवळून तो एफ ४४ सारखा वागतो, प्रकाशाच्या विवर्तनानं (लहान छिद्रातून जाताना तो पसरतो) केसांची टोकं पुसट होतात. त्यापेक्षा एफ ८ लाच ठेवून, अर्ध्या अर्ध्या मिमीनं फोकस सरकवत २० फोटो घ्या आणि संगणकावर एकत्र करा. वारा असेल तर हे जमत नाही. एकच केस दोनदा उमटतो आणि पाहणारा दोन मोजतो! अशा वेळी एफ ११ आणि फ्लॅश, एकच फोटो.

उघडा फ्लॅश पिवळा रंग पांढरा पाडतो, त्यापुढे ट्रेसिंग पेपर धरा. केस आणि शिरा हव्या असतील तर उजेड मागून तिरका द्या, आणि तो फुलावर परत फेकायला पुढून पांढरा कागद. मिमीची पट्टी फुलाच्याच पातळीत असावी. पुढे धरली की फूल लहान भरतं.

आणि गुडघा टेकण्याआधी खाली बघा. तिथे बहुधा सीतेची आसवं, ती इवली फुलं, असतात.