बोर्डो मिश्रणाची ओळ छापून येईना तेव्हा

आमच्या द्राक्ष बागायतदारांच्या गटाने फवारणीची माहितीपुस्तिका काढायचं ठरवलं. मजकूर जुन्याजाणत्या मंडळींनी लिहिला, पानं लावायचं काम मी घेतलं. नाशिकला लागूनच मखमलाबादला आमची बाग आहे. प्रोग्रॅमिंगशी माझा कधी संबंध आला नाही. तरी लाटेक हे मजकुरात आज्ञा लिहून पानं लावणारं सॉफ्टवेअर निवडलं, कारण औषधांची कोष्टकं दर हंगामात बदलतात आणि लाटेकमध्ये पान क्रमांक व अनुक्रमणिका आपोआप जुळतात.

पहिल्यांदा फाइल चालवली तेव्हा पानं कोरी आली. लॉगमध्ये, म्हणजे फाइल चालवल्याच्या नोंदींत, मात्र 'मिसिंग कॅरेक्टर' अशी रांग लागलेली: ठरलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नव्हती. झीलाटेक हे लाटेक चालवणारं वेगळं इंजिन घेतलं, आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका फॉन्ट बसवला, तरी जोडाक्षरं फुटलेली आणि वेलांट्या भलत्याच जागी. फॉन्टच्या ओळीत लिपी देवनागरी आहे हे वेगळं सांगावं लागतं. ते सांगितल्यावर 'द्राक्ष' नीट उमटलं.

मग लाल अक्षरांतल्या चुका सुरू झाल्या. एका चुकीमागे दहा दिसतात आणि माणूस घाबरतो. संख्याशास्त्र शिकणारी माझी भाची म्हणाली, "मामा, सगळ्यात वरची चूक तेवढी वाचा. ती दुरुस्त करून पुन्हा चालवा, खालच्या बऱ्याचशा आपोआप जातील." तसंच झालं. उद्गारचिन्हाने सुरू होणारी ओळ म्हणजे तक्रार, तिच्याखाली ओळीचा क्रमांक, आणि मजकूर जिथे तुटून खाली सरकलेला दिसतो तिथपर्यंत लाटेकने वाचलेलं असतं. एवढं कळलं की निम्मं काम सोपं होतं.

'अनडिफाइन्ड कंट्रोल सीक्वेन्स' ही तक्रार मराठीत एका खास कारणाने येते. यादीतल्या मुद्द्याच्या आज्ञेला चिकटून 'भुरी' हे रोगाचं नाव लिहिलं, तर झीलाटेक दोन्ही मिळून एकच आज्ञा समजतं, कारण देवनागरी अक्षरंही त्याच्या लेखी अक्षरंच. मध्ये एक जागा सोडली की भागतं. 'रनअवे आर्ग्युमेंट' असेल तर महिरपी कंस बंद झालेला नसतो. दाखवलेली ओळ परिच्छेदाच्या शेवटाची असते, कंस मात्र वर कुठेतरी उघडा असतो. म्हणून वर शोधत जायचं.

या चुका निदान ओरडून सांगतात. मला काळजी वाटली ती न ओरडणाऱ्या चुकीची. डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाच्या प्रकरणात बोर्डो या बुरशीनाशकाचं वाक्य होतं: '१% बोर्डो मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी'. छापील पानावर फक्त '१' उरला. तक्रार नाही, लॉगमध्ये नोंद नाही. लाटेकसाठी टक्क्याचं चिन्ह म्हणजे 'इथून ओळीच्या शेवटापर्यंत वाचू नको'. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७८ मध्ये टेक आणलं; लाटेक त्याच्यावरच उभं आहे, आणि त्यात अशी दहा चिन्हं राखीव आहेत. अंडरस्कोर किंवा अँडचं चिन्ह मजकुरात सुटं आलं तर ते अडून बसतं. टक्का मात्र गुपचूप मजकूर गिळतो. कवितासंग्रहात एक ओळ गेली तर वाचक कळवेल. फवारणीच्या पुस्तिकेत प्रमाण गेलं तर कोणी अंदाजाने मिश्रण करेल, आणि जास्त तीव्र मिश्रणाने कोवळी पानं करपतात.

मग एडिटरच्या शोधखान्यात टक्क्याचं चिन्ह घातलं आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्याआधी बॅकस्लॅश दिला. त्यावरही भागवलं नाही. ज्यांनी मजकूर लिहिला त्या काकांना छापील प्रत आणि त्यांचं हस्तलिखित शेजारी ठेवून प्रत्येक प्रमाण मोठ्याने वाचायला बसवलं, मी पेन्सिलने खुणा करत गेलो. कोष्टकांत 'ओव्हरफुल एचबॉक्स' अजून काही जागी होतं, म्हणजे ओळ समासाबाहेर जात होती. तिथे औषधाचं नाव दोन ओळींत मोडलं. आकडा आणि त्याचं एकक मात्र कुठेही तोडलं नाही. ऑक्टोबर छाटणीच्या आधी पुस्तिका छापखान्यात गेली.