दोन बोटं जातात म्हणे, पण कुठून?

घोड्याच्या नाकाभोवतीच्या पट्ट्याखाली, म्हणजे नोझबँडखाली, दोन बोटं गेली पाहिजेत हे रायडिंग शिकणाऱ्या सगळ्यांना सुरुवातीलाच सांगतात, पण ती बोटं घालायची कुठे हे नीट कुणी सांगत नाही आणि खरी मेख तिथेच आहे. गालाच्या बाजूला पट्टा कितीही आवळलेला असला तरी बोटं कशीबशी सरकतात. बघायचं ते समोर, नाकाच्या हाडावर, मधोमध. २०१७ साली एका अभ्यासात स्पर्धेतल्या ७५० घोड्यांचे नोझबँड मोजले होते, त्यात दोन बोटांचा नियम पाळलेले निघाले फक्त ७ टक्के, आणि ४४ टक्के इतके घट्ट की मापाचं टोकसुद्धा आत जाईना!

म्हणून २०२५ पासून एफईआयने, म्हणजे घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, मोजायचं साधन आणलं, नाकाच्या हाडावर दीड सेंटीमीटर जागा हवी म्हणजे हवी, त्याचं मला मनापासून बरं वाटलं. प्रत्येकाची बोटं वेगळी, स्पर्धेत तपासणी करणाऱ्या स्टुअर्डची वेगळी, रायडरची वेगळी, त्यावरून वाद किती व्हायचे.

आता पट्टा एवढा आवळतात कशाला? बिटमुळे, म्हणजे लगामाला जोडलेल्या तोंडातल्या लोखंडामुळे. बिट बसतं जिभेवर आणि पुढच्या-मागच्या दातांमधल्या मोकळ्या हिरडीवर, तिथे हाडावर जेमतेम पातळ कातडी असते. हात जड पडला की घोडा तोंड उघडतो, जीभ मागे ओढतो, आणि ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या ठरावीक हालचालींना मार्क देतात त्या स्पर्धेत, तोंड उघडलं की मार्क जातात, मग लोक हात हलका करायचं सोडून पट्टा एक भोक पुढे घेतात. क्रँक नोझबँडमध्ये पट्टा कडीतून उलटा फिरवून ओढतात त्यामुळे फार जोर न लावताही तो जाम आवळला जातो. दुखतंय तसंच राहतं, फक्त जजला दिसत नाही. वर आतून गाल दाढांवर दाबले जाऊन सोलतात ते वेगळंच.

बिटचे नियम तसे कडक आहेत, डबल ब्रायडलमध्ये, म्हणजे दोन बिटांच्या तोंडसाजात, कर्बची (तरफेसारखं दाबणाऱ्या बिटची) दांडी १० सेंटीमीटरच्या वर चालत नाही, तोंडातला भाग कर्बचा निदान १२ मिलिमीटर आणि ब्रिडूनचा (दुसऱ्या, साध्या बिटचा) १० मिलिमीटर जाड लागतो. बारीक बिट जास्त बोचतं म्हणून हे ठीकच, पण जाड म्हणजे सौम्य असंही धरून चालू नका, लहान तोंडाच्या घोड्याला जीभ ठेवायला जागाच उरत नाही. आणि लोखंड मोजता येतं, रायडरचा हात कसा मोजणार? तो घोड्याच्या तोंडावरच दिसतो, पण त्यासाठी तोंड मोकळं तर हवं ना.

ब्रायडल काढल्यावर नाकावरून हात फिरवून बघा, पट्ट्याच्या जागी केस पांढरे झालेत का, खाच लागतेय का. लागत असेल तर पट्टा लगेच सैल करा, आणि मग घोडा तोंड उघडायला लागला तर आधी दात तपासून घ्या, मग बिटचं माप बघा, मग कुणाला तरी उभं करून तुमचा हात बघायला सांगा. पट्टा परत आवळू नका, प्लीज.