बर्फाची लादी

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी माणूस जे काही वाचतो ते कूलरच्या घरघरीत वाचतो. परवा पारा 45च्या वर, टाकीत नुकत्याच चार बादल्या ओतलेल्या, खसचा ओला वास, आणि माझ्या हाती सुट्टीत आलेल्या भाच्याचं बॅटमॅनचं कॉमिक. खलनायक मिस्टर फ्रीझ. थंडगार पोशाखाबाहेर जगूच न शकणारा माणूस. इकडे आला असता तर वाडी नाक्यावरच आटोपला असता.

1959 साली हा पहिल्यांदा आला तेव्हा त्याचं नाव मिस्टर झीरो होतं. बर्फाची बंदूक घेऊन दरोडे घालायचा, बस. 1992च्या कार्टून मालिकेने त्याला नोरा दिली. असाध्य आजाराची बायको, औषध सापडेपर्यंत गोठवून ठेवलेली. कार्टूनवाल्यांनी दिलेली ही बायको कॉमिक्सवाल्यांनी पुढे मुकाट्याने नांदवून घेतली. एक्स-मेन कॉमिक्समधला खलनायक मॅग्नेटो, त्याचंही तेच. 1963 साली आला तो नुसता दुष्ट. ऑशविट्झच्या नाझी छळछावणीतलं त्याचं बालपण वाचकांना कळायला 1981 उजाडलं.

मला हे प्रकरण तसं पटत नाही. खलनायकाने खलनायकासारखं राहावं. त्याची बायको आजारी आहे हे कळलं की पुढची मारामारी वाचताना अवघडल्यासारखं होतं, आणि पैसे तर आपण मारामारीसाठीच मोजलेले असतात.

आमच्या लहानपणी ही भानगड नव्हती. महालात घराजवळच्या एका दुकानात इंद्रजाल कॉमिक्स भाड्याने मिळायची, एका रात्रीचे चार आणे. वेताळाने, म्हणजे फँटमने, चाच्याला ठोसा हाणला की त्याच्या अंगठीची कवटी गालावर उमटायची, विषय संपला. चाच्याच्या घरी कोण कोण आहे हे कोणी विचारलं? मी बोटावर बॉलपेनने कवटी काढायचो, थुंकी लावायचो आणि धाकट्या भावाच्या गालावर दाबायचो. चाचा कायम तोच. शाई पसरून कवटीचा बटाटा व्हायचा, तरी तो नियमाप्रमाणे गडाबडा लोळायचा. बाबांच्या नजरेला पडलं की कॉमिक थेट रद्दीत, आणि दुकानदाराची भरपाई माझ्या खाऊच्या पैशांतून. घरातला खलनायक कोण, याबद्दल आम्हा भावांत मतभेद नव्हते.

आजीचं गणित निराळं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती आम्हाला मारबत, म्हणजे मिरवून जाळायचा मोठा पुतळा, बघायला न्यायची. काळी मारबत 1881पासून निघते. इंग्रजांना मिळालेल्या, भोसले घराण्यातल्या बाकाबाईचं ते सोंग, असं म्हणतात. सगळी इतवारी ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडायची, आम्हीही घसा फोडून. एकदा आजी पदर सावरत म्हणाली, ‘तिलेबी लेकरंबाळं असतीन ना बापा.’ आणि लगेच पुन्हा आमच्याहून मोठ्यांदा ओरडली.

आजीचं आणि बाबांचं कधी पटलं नाही. तिच्या तंबाखूवरून, देवाच्या दिव्यातल्या तेलावरून, कशावरूनही. ती गेली ती मे महिन्यातच. भाऊ तेव्हा चेन्नईला, त्याची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचणार. बर्फ आणायला शेजारची पोरं तयार होती, पण बाबा कोणाला जाऊ देईनात. स्वतः स्कूटर काढायचे आणि पायाशी गोणपाटात गुंडाळलेली लादी घेऊन यायचे. फाटकापासून दारापर्यंत पाण्याची रेघ. घरात येईस्तोवर लादीचे कोपरे गोल झालेले. दुपारपासून रात्रीपर्यंत अशा पाच खेपा झाल्या. पाचवीनंतर ते आजीच्या उशाशी बसले आणि तिच्या केसांत अडकलेले भुश्याचे कण एकेक करून वेचत राहिले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, ‘कूलर इकडे फिरव. तिले गरम होऊन राह्यलं.’

मी फिरवला.

‘मामा, झालं का वाचून?’ भाचा दारात उभा होता. म्हटलं, थांब जरा. आधी टाकीत दोन बादल्या पाणी टाकून ये.