धोळावीरा: भिंतींच्या आत भिंती

भुजहून खावड्याला आणि तिथून रण चिरत जाणाऱ्या नव्या रस्त्याने खडीर बेट गाठता येतं. दोन्ही बाजूंना पांढरंशुभ्र मीठ, त्यामुळे सेल्फीवाल्यांची झुंबड. आमच्या गाडीतल्या मंडळींचेही फोटो उरकेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. रस्ता सुंदर आहे, पण मला ओढ होती ती त्याच्या टोकाच्या धोळावीऱ्याची, म्हणजे सिंधू (हडप्पा) संस्कृतीतल्या प्राचीन नगराच्या अवशेषांची.

पुरातत्त्वज्ञ जगत्पती जोशींनी १९६०च्या दशकात ही जागा उजेडात आणली आणि १९९०च्या सुमारास रवींद्रसिंह बिश्त यांनी मोठं उत्खनन सुरू केलं. २०२१ साली ‘युनेस्को’च्या जागतिक वारसा यादीत नाव आलं. वाटाड्या म्हणून गावातलेच एक काका मिळाले. तरुणपणी याच उत्खननात त्यांनी मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या.

‘‘काका, राजवाडा कुठेय?’’ आमच्या हिने आल्या आल्या विचारलं.

‘‘राजवाडा नाही ताई, आधी टाकं बघा,’’ म्हणत त्यांनी आम्हाला पूर्वेकडे नेलं.

टाकं कसलं, लहानसा तलावच तो! साधारण ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद आणि १० मीटरहून खोल. तळाशी उतरायला पायऱ्या. इथे बारमाही नदी नाही. मनसर आणि मनहर हे दोन पावसाळी ओढे शहराच्या दोन अंगांनी वाहतात. त्यांना बंधारे घालून पाणी टाक्यांमध्ये वळवायचं आणि ते वर्षभर पुरवायचं, असा सगळा खटाटोप. बालेकिल्ल्यातलं पावसाचं पाणी वाहून नेणारं दगडी गटार तर माणूस आत चालू शकेल एवढं उंच आहे. आमच्या सोसायटीच्या कमिटीला एकदा इथे आणायला हवं.

सिंधू संस्कृती म्हणजे समतेचा समाज, राजा नाही, सैन्य नाही, असं आपण ऐकत आलेलो असतो. भव्य राजवाडा किंवा राजाचा पुतळा इथे सापडलेला नाही, हे खरंच. पण धोळावीऱ्यात फिरताना मला ती समता काही दिसेना. सर्वांत उंचावर बालेकिल्ला, त्याला खेटून दुसरा तटबंद भाग, पुढे सुमारे २८३ मीटर लांबीचं मोकळं मैदान, मग मधलं नगर आणि त्यापलीकडे खालचं नगर. या सगळ्याभोवती बाहेरचा तट आणि आतल्या भागांना पुन्हा आपापल्या भिंती. कोणी कुठे राहायचं, हे कुणीतरी ठरवलेलं होतं.

बालेकिल्ल्यातल्या विहिरीपाशी मी बराच वेळ रेंगाळलो. काठावरच्या दगडात दोर घासून घासून खोल खाचा पडल्या आहेत, बोट सहज बसेल अशा. दोर ओढणारे हात त्या उंचावरच्या मालकांचे असतील, असं मला तरी वाटत नाही.

उत्तर दरवाजाजवळ दहा चिन्हांचा तो प्रसिद्ध फलक मिळाला. प्रत्येक चिन्ह सुमारे ३७ सेंटिमीटर उंच, जिप्समचे तुकडे जोडून केलेलं. लाकडी पाटी कुजून गेली, अक्षरं तेवढी मातीत उरली. लिपी अजून कुणाला लागलेली नाही. एवढी मोठी अक्षरं येणाऱ्याजाणाऱ्यांना वाचता यावीत म्हणून लावली होती, की न वाचणाऱ्यांवर वचक बसावा म्हणून? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं.

कारागिरी मात्र अव्वल. दगडी खांबांच्या बैठकांवरची झिलई अजून हाताला जाणवते. अकीक-कार्नेलियन या रंगीत खड्यांचे मणी, त्यांना भोकं पाडायची बारीक गिरमिटं, चर्ट या कठीण दगडाची घनाकृती वजनं, सगळं छोट्या संग्रहालयात मांडलंय. वजनांची पद्धत इथे तीच आणि शेकडो मैलांवरच्या हडप्प्यातही तीच. आपल्या प्रवरेकाठच्या दायमाबादलाही उत्तर हडप्पा (म्हणजे या संस्कृतीच्या उतरत्या) काळाचे थर सापडले आहेत, त्यामुळे हा इतिहास आपल्याला अगदीच परका नाही.

पश्चिमेच्या दफनभूमीत उन्हाने जीव नकोसा झाला होता, तरी गेलो. तिथल्या एका मोठ्या अर्धगोल उंचवट्याखाली आऱ्यांच्या चाकासारखी रचना निघाली, पण आत सांगाडा नाही.

‘‘मग पुरलं कोणाला?’’ हिने विचारलं.

‘‘कोणालाच नाही. आठवण म्हणून बांधलं असणार,’’ काका म्हणाले.

‘‘म्हणजे मेल्यावरही मोठ्यांची जागा मोठीच!’’

यावर काका मनापासून हसले आणि आम्हाला घरी जेवायलाच घेऊन गेले. बाजरीचा रोटला, वांग्याचं भरीत आणि ताक. जाणार असाल तर थंडीतच जा, आणि रस्त्यावरचे फोटो परतीच्या वाटेवर काढा.