सोलापूरच्या उन्हात होडीचा तळ रंगवताना

लाकडी होडीच्या रंगाविषयी जे काही वाचायला मिळते ते बहुतेक समुद्राकाठच्या माणसांनी लिहिलेले असते, आणि त्यातला बराचसा भाग सोलापुरात होडी बांधणाऱ्याच्या कामाचा नसतो. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे किडे असतात आणि तळाला शिंपले चिकटतात, म्हणून तिकडे तांबे घातलेला विषारी रंग वापरतात. उजनी धरणाच्या गोड्या पाण्यात हा उपद्रव नाही. शिवाय फेरी झाली की होडी गाडीवर चढवून घरी आणायची असेल, तर त्या महागड्या डब्याचे प्रयोजनच उरत नाही. ज्या धरणाचे पाणी सगळे शहर पिते त्यात तांबे सोडावे असे मला तरी वाटत नाही.

मात्र गोडे पाणी निरुपद्रवी असते असे कोणी समजू नये. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ काही प्रमाणात रोखते, गोडे पाणी रोखत नाही. होडीत साचून राहिलेले पावसाचे पाणी तर धरणातल्या पाण्याहून घातक. कूज सुरू होते ती बहुधा प्लायच्या कापलेल्या कडांतून आणि स्क्रूच्या भोकांतून, कारण तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात आणि पाणी आत ओढून घेतात. माझी होडी ७१० क्रमांकाच्या भारतीय मानकाच्या मरीन प्लायची आहे, सांध्यांवर काचेच्या धाग्याची पट्टी आणि इपॉक्सी (दोन भाग कालवले की घट्ट होणारी राळ) आहे. तरीही रंगाच्या आधी सर्वांत जास्त वेळ मी या कडांनाच दिला. कड पिणे थांबवेपर्यंत तिला इपॉक्सी पाजत राहायचे, मग बाकीचा तळ.

इपॉक्सीचा पहिला हात संध्याकाळी द्यावा. सकाळी ऊन चढू लागले की लाकडातली हवा प्रसरण पावून बाहेर येते आणि ओल्या थरात टाचणीच्या टोकाएवढे असंख्य बुडबुडे उठतात. दिवस उतरताना लाकूड थंड होत असते, तेव्हा तेच लाकूड इपॉक्सी आत खेचून घेते. उष्णतेचा दुसरा त्रास डब्यात होतो. तापमान दहा अंशांनी वाढले की मिश्रण घट्ट होण्याचा वेळ साधारण निम्मा होतो, त्यामुळे पंचवीस अंशांना अर्धा तास टिकणारे मिश्रण एप्रिलच्या दुपारी दहा-बारा मिनिटांत हातात तापून दगड होते. संथ हार्डनर (राळ घट्ट करणारा दुसरा भाग) घ्यावा, थोडे थोडे कालवावे आणि कालवल्याबरोबर पसरट ताटात ओतावे. खरे तर हे सारे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातलेच.

वाळलेल्या इपॉक्सीवर पुष्कळदा एक मेणचट साय धरते. ती डोळ्यांना नीट दिसत नाही, बोटाला मात्र लागते. पॉलिश पेपरने घासण्यापूर्वी ती साध्या पाण्याने आणि भांड्यांच्या घासणीने धुऊन काढावी. न धुता घासले तर ती तळभर पसरते आणि पुढचा रंग सालपटासारखा सुटतो. पुसण्यासाठी आपल्याकडे टॉवेलच्या चिंध्या मागाल तेवढ्या मिळतात, पण शेवटच्या पुसण्याला त्या वापरू नयेत, कारण त्यांचे तंतू पृष्ठभागावर राहतात. जुने, अनेकदा धुतलेले धोतर सर्वांत उत्तम.

खड्डे भरायला भिंतीची पुट्टी चालत नाही, ती पाण्यात टिकत नाही. इपॉक्सीचीच लांबी, म्हणजे पुट्टी, भरावी. तळ सपाट झाला की नाही हे दिवसाच्या उजेडात कळत नाही. अंधार पडल्यावर बॅटरी तळाला जवळजवळ टेकवून आडवा झोत सोडला की प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. मी पेन्सिलीने तिथे खुणा करून ठेवत असे आणि लांब फळीला ८० नंबरचा कागद लावून सकाळी तेवढेच घाशीत असे. त्यानंतर १२० आणि शेवटी २२०. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पर्याय नाही.

आता रंग. दोन डब्यांचा पॉलियुरेथेन रंग अधिक कठीण आणि अधिक चकचकीत असतो यात वाद नाही, पण त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना अपायकारक असते आणि तोंडाला बांधलेल्या रुमालाने ते अडत नाही. शिवाय उन्हाळ्यात उजनी उणे साठ्यात, म्हणजे उपयुक्त साठ्याच्याही खाली, गेली की पाण्याबाहेर नसलेले पण पाण्याखाली फारसे खोलही नसलेले दगड तळाला ओरखडे काढतातच, आणि एवढा महाग रंग दर वर्षी डागडुजी करण्याजोगा नसतो. म्हणून इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि त्यावर एका डब्यातले साधे तेली इनॅमल, हे मी पसंत केले. प्रायमर वगळून इनॅमल थेट इपॉक्सीवर दिले तर ते कधी कधी दिवसेंदिवस चिकटच राहते. जी होडी महिनोन्‌महिने पाण्यातच उभी राहणार आहे तिला मात्र हा सल्ला लागू नाही. सतत बुडलेले इनॅमल फुगते.

छटा पांढरी किंवा फिकट पिवळी घ्यावी. घरच्यांना गडद निळा हवा होता. पण सोलापूरच्या उन्हात गडद पृष्ठभाग हात टेकवता येणार नाही इतका तापतो आणि साध्या हवेत वाळवलेले इपॉक्सी पन्नास-साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. निळ्याची हौस वरच्या काठाच्या पट्टीवर भागवली.

रंग द्यायचा तो सकाळी, दव सुकल्यावर आणि वारा सुटण्याआधी, अंगणात पाणी मारून धूळ बसवल्यानंतर. संध्याकाळी दिलेल्या इनॅमलवर हिवाळ्यात दव पडते आणि तुकतुकी जाते. एकाने स्पंजच्या रोलरने हातभर पट्टा पातळ लावत जायचे आणि दुसऱ्याने लगेच कोरड्या ब्रशने तो सारखा करायचा. आमच्या गल्लीतला कपाटे रंगवणारा पेंटर हे पाहत उभा होता. तो म्हणाला, "काका, ब्रश दाबू नका की, नुसता फिरवत न्या. आणि मागं वळून बघू नका, सुकत आलंय ते." त्याचे म्हणणे शब्दशः पाळावे. अर्धवट सुकलेल्या पट्ट्यावर पुन्हा ब्रश नेला की त्याची रेघ कायमची राहते, आणि आपल्या कोरड्या हवेत पट्टा सुकायला फार वेळ लागत नाही. टरपेंटाईन किंचित वाढवले तर थोडी सवड मिळते, जास्त वाढवले तर बाजूंवर ओघळ येतात.

शेवटच्या हातानंतर होडी आठवडाभर तरी गाडीच्या पट्ट्यांवर आवळू नये, कारण वरून सुकलेले इनॅमल आत कोवळे असते आणि त्यावर पट्ट्यांची छाप उमटते. पहिल्या फेरीनंतर दगडाचा ओरखडा दिसला आणि त्यात लाकूड उघडे पडले असेल, तर तो लगेच रंगाने झाकू नये. होडी सावलीत उलटी ठेवून लाकूड पूर्ण वाळू द्यावे, मग इपॉक्सी, मग प्रायमर आणि सर्वांत शेवटी इनॅमल. त्यासाठी त्याच डब्यातला थोडा रंग लहान बाटलीत काठोकाठ भरून बाजूला ठेवावा, म्हणजे वर साय धरत नाही.