मोठी मॅगव्हील बसवण्याआधी रिम आणि टायरच्या चाचण्या समजून घ्या

मॅगव्हील म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची अलॉय रिम. तिची सर्वांत कठोर चाचणी दिसायला अगदी साधी असते. टायर चढवून २०० किलोपास्कल, म्हणजे साधारण २९ पीएसआय हवा भरतात. रिम जवळजवळ आडवी, फक्त १३ अंश कललेली ठेवून नटांनी आवळतात आणि वरून तिच्या कडेवर लोखंडी वजन सोडतात. हे वजन ठरतं रिमच्या कमाल भारावरून: त्या भाराच्या ०.६ पट आणि वर १८० किलो. ५०० किलोच्या रिमवर ४८० किलो, तेही कडेच्या २३० मिलिमीटर वरून. एक घाव स्पोक कडेला मिळतो तिथे, दुसरा दोन स्पोकच्या मध्ये, आणि दर घावाला नवी रिम.

आरपार तडा गेला, मधला भाग कडेपासून सुटला किंवा मिनिटभरात सगळी हवा गेली, तर रिम नापास. घाव बसला तिथे कड वाकली तर मात्र चालतं. खड्ड्यात रिम वाकली तर गाडी कडेला घेता येते. फुटली तर स्टिअरिंग हातात राहत नाही. म्हणूनच ॲल्युमिनियमचं मिश्रण आणि ओतल्यानंतरची उष्णता-प्रक्रिया इतकी महत्त्वाची. तिथे काटकसर केली की रिम दिसते तशीच, चमकते तशीच, पण ठिसूळ निघते.

एका घावात न तुटणारी रिम रोजच्या वळणांनी थकते. त्यासाठी रिमची कड पकडून हबच्या जागी, म्हणजे रिम गाडीला जोडली जाते तिथे, लांब दांडा बसवतात आणि सतत फिरणारा वाकवण्याचा ताण देतात, हजारो फेरे. मग रंगद्रव लावून बारीक तडे शोधतात. ते बहुधा स्पोकच्या मागच्या बाजूला किंवा नटांच्या भोकांभोवती सापडतात. ओतकामात राहिलेल्या हवेच्या पोकळ्या इथे घात करतात.

टायरचा खरा शत्रू उष्णता. युरोपीय नियमानुसार एच खुणेचा, म्हणजे ताशी २१० किमीचा टायर १.७ मीटर व्यासाच्या ड्रमवर पळवतात, कमाल भाराच्या ८० टक्के भार टाकून. दहा मिनिटांत १७० चा वेग गाठतात, मग १७०, १८०, १९० वर दहा-दहा मिनिटं आणि २०० वर सलग वीस. वेग २१० पर्यंत नेत नाहीत, कारण गोल ड्रमवर टायर सपाट रस्त्यापेक्षा जास्त दबतो आणि जास्त तापतो. ट्रेड, म्हणजे रस्त्याला टेकणारा नक्षीदार थर, सुटला, तुकडे उडाले किंवा आतल्या दोऱ्या तुटल्या तर नापास. चाचणीनंतर सहा तासांनी व्यास पुन्हा मोजतात, ३.५ टक्क्यांहून जास्त फरक चालत नाही.

अमेरिकेत २००० साली फायरस्टोन या टायर कंपनीने ६५ लाख टायर परत मागवले, त्यानंतर तिथले नियम कडक झाले. आता ताशी १२० किमीने ३४ तास पळवलेल्या टायरची हवा १४० किलोपास्कलपर्यंत, म्हणजे २० पीएसआयवर उतरवतात आणि पूर्ण भाराखाली आणखी दीड तास पळवतात. मला ही सर्वांत कामाची चाचणी वाटते, कारण कमी हवेवर हायवे गाठणं आपल्याकडेही सर्रास चालतं.

आता मोठ्या मॅगव्हीलकडे. टायरच्या मापात पहिला आकडा रुंदी (मिलिमीटर), दुसरा भिंतीची उंची (रुंदीच्या टक्क्यांत) आणि शेवटचा रिमचा व्यास (इंच). १८५/६५ आर १५ काढून २०५/४५ आर १७ घातला तर बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, स्पीडोमीटरही फारसा बिघडत नाही. पण टायरच्या भिंतीची उंची १२० मिलिमीटरवरून ९२ वर येते. खड्ड्याचा जो मार रबर खात होतं, तो आता रिम खाते. शिवाय जुन्या टायरचा भार निर्देशांक ८८, म्हणजे ५६० किलो. नव्या मापाचा साधा टायर ८४ चा, म्हणजे ५०० किलोचा. त्यामुळे ८८ चा एक्सएल, म्हणजे जादा भार पेलणारा टायरच मागा. तो पूर्ण भार पेलतो तो जास्त हवेवर, म्हणून पीएसआयचा जुना आकडा तसाच चालवू नका.

रिमच्या मागे कमाल भार कोरलेला असतो. गाडीच्या जड ॲक्सलवरच्या भाराच्या निम्म्याहून तो कमी असेल, किंवा आकडाच नसेल, तर ती रिम घेऊ नका. बसवताना नट आडवे-तिडवे आणि टॉर्क पान्यानेच (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळून घ्या, आणि पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.