राणी एक, टांकसाळी अनेक

लिलावात येणाऱ्या नाण्यांची कॅटलॉग लिहिणं हे माझं काम. बाहेरच्यांना वाटतं, हा माणूस दिवसभर मोहरा आणि शिवराया हाताळत बसतो. प्रत्यक्षात निम्मा दिवस लोकांना नाही म्हणण्यात जातो. कुणीतरी मोबाइलवर रील टाकतं, 'हे नाणं घरात असेल तर लाखो मिळवा', की दुसऱ्या दिवशी वैष्णोदेवीचं नाणं मुठीत धरून माणसं दारात हजर. ते दहा रुपयांचंच आहे म्हटलं की आम्हीच त्यांना लुबाडतोय अशा नजरेनं बघतात.

मध्यंतरी दापोलीकडच्या एक आजी नातवाला घेऊन आल्या. रुमालात चांदीच्या सात नाण्यांची माळ. प्रत्येक नाण्याला वरून डाख देऊन कडी बसवलेली, आणि आणण्याआधी नातवानं टूथपेस्टनं घासून सगळी लख्ख केलेली. नाण्यावर वर्षानुवर्षांत चढलेला काळसर थर म्हणजे आमच्यासाठी त्याचा जन्मदाखला. लोक तोच आधी पुसून टाकतात आणि मग विचारतात, "किती जुनं आहे हो?"

"राणीछाप रुपयेच ना?" नातू म्हणाला.

राणीच होती, पण व्हिक्टोरिया नव्हे. ऑस्ट्रियाची मारिया थेरेसा. डोक्यावर विधवेची ओढणी (नवरा 1765 मध्ये गेला, तेव्हापासून तिनं काळा वेश सोडला नाही), ओढणीवर मोत्यांचा पट्टा, खांद्यावर मोत्यांची पिन. मागे दोन डोक्यांचा गरुड. काठावर लॅटिनमध्ये 'न्याय आणि दया'. साल 1780, म्हणजे ती वारली ते वर्ष. सातही नाण्यांवर 1780.

"सासरे एडनच्या बंदरात होते," आजी म्हणाल्या. "लढाईच्या आधी परत आले, तेव्हा घेऊन आले. सासूबाईंच्या गळ्यात असायची."

हे पटण्यासारखं होतं. एडन 1839 पासून जवळजवळ शंभर वर्षं मुंबईच्या ताब्यात होतं, कोकणातली कितीतरी माणसं तिथं राबली. आणि तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर, येमेनपासून हबसाणापर्यंत (म्हणजे आजच्या इथिओपियापर्यंत), चलन एकच, राणीचं हे चांदीचं नाणं, ज्याला थेलर म्हणतात. येमेनमधल्या मोख्याची कॉफी घ्यायला युरोपातले व्यापारी हीच चांदी घेऊन जायचे. ऑस्ट्रियाचा त्या मुलखाशी ना राज्याचा संबंध, ना लष्कराचा. राणी मेल्यावरही गिऱ्हाइकाला तेच नाणं हवं, म्हणून टांकसाळीनं तेच चित्र आणि तेच साल ठेवून पाडणं चालूच ठेवलं. तिच्या चेहऱ्याखाली 'एस. एफ.' ही अक्षरं दिसतात, ती गुंझबुर्गच्या टांकसाळीतल्या दोन अधिकाऱ्यांची. तो गाव ऑस्ट्रियाच्या हातून गेला, टांकसाळ बंद पडली, पण अक्षरं आजतागायत नाण्यावर आहेत. काढली असती तर अरब व्यापाऱ्यानं नाणं परत केलं असतं. तो पिनेचे मोती बोटानं चाचपून बघायचा.

नातवाला एवढंच ऐकायचं होतं की ओरिजिनल आहे की डुप्लिकेट. मी भिंग घेऊन बसलो. अशा वेळी मोत्यांची संख्या, गरुडाच्या शेपटीतली पिसं, काठावरच्या नक्षीचा क्रम बघायचा. त्यावरून टांकसाळ ठरते. सहा नाणी व्हिएन्नाच्या घडणीची वाटली, हाताळून गुळगुळीत झालेली. सातव्याच्या ओढणीच्या चुण्या अजून टोचत होत्या आणि त्याचं कोरीवकाम वेगळ्या हाताचं होतं. लंडनच्या नाहीतर मुंबईच्या घडणीशी जुळणारं.

होय, मुंबईच्या. आणि ही गोष्ट नाण्यांच्या धंद्यातल्या लोकांनाही सांगावी लागते, कारण आमच्याकडे परदेशी चांदी म्हटली की किलोच्या भावाची, असा एकूण खाक्या. 1935 मध्ये मुसोलिनीला हबसाणावर चढाई करायची होती आणि वाटेतल्या लोकांना त्यांच्याच पैशात द्यायचं होतं. त्यानं व्हिएन्नाकडून या नाण्याचे ठसे घेतले. ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर डॉलफुस याला आदल्या वर्षीच नाझींनी गोळ्या घातल्या होत्या; हिटलरविरुद्ध पाठीशी इटलीच उभी होती, मग ठशांना नाही कोण म्हणणार? ठसे इटलीच्या हातात गेल्यावर ब्रिटिश व्यापाऱ्यांना नाणी मिळेनात, त्यांची पंचाईत झाली. 1936 पासून लंडनच्या टांकसाळीनं सरळ स्वतःच थेलर पाडायला घेतले. दुसऱ्याच्या देशाचं नाणं पाडणं हा खोटेपणा नव्हे का? यावर उत्तर तयार होतं: 1858 पासून ते खुद्द ऑस्ट्रियातही कायदेशीर चलन नाही, मग खोटं कुणाचं पाडलं? दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेतल्या मोहिमेला नाणी कमी पडू लागली तेव्हा हे काम मुंबईच्या टांकसाळीकडेही आलं. तिनं एक कोटीहून जास्त पाडली.

सातव्या नाण्याचं वजन कडी धरून अठ्ठावीस ग्रॅमच्या थोडं वर भरलं. मशीनवर चांदी निघाली 83 टक्क्यांच्या जरा पुढे, व्हिएन्नाच्या नाण्यांइतकीच. इथे मी थबकलो. 1940 मध्ये सरकारनं आपल्या रुपयातली चांदी 91.7 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर आणली होती. म्हणजे फोर्टमधल्या त्याच टांकसाळीत इथल्या माणसासाठी निम्म्या चांदीचा रुपया पडत होता आणि येमेनच्या दुकानदारासाठी पुऱ्या कसाचा थेलर. कारण उघड आहे. आपल्याला रुपया कायद्यानं घ्यावाच लागत होता. दुकानदाराला थेलर नाकारता येत होता.

अर्थशास्त्र शिकताना कार्ल मेंगर वाचला होता, पण परीक्षेपुरता. 1871 मध्ये व्हिएन्नात बसून त्यानं मांडलं की पैसा कुणा राजाच्या फर्मानानं जन्माला येत नाही. सहज खपणारी वस्तू माणसं एकमेकांचं बघून मोबदला म्हणून घेऊ लागतात, आणि तीच पुढे पैसा होते. सरकारी शिक्का नंतर येतो. जर्मनीत क्नाप या अर्थशास्त्रज्ञानं 1905 मध्ये याच्या बरोबर उलटं सांगितलं: पैसा म्हणजे कायद्याची निर्मिती. हा वाद पुस्तकी वाटायचा. त्या टेबलाशी मला दोघांचाही पुरावा दिसला, निम्म्या चांदीचा रुपया क्नापच्या बाजूनं आणि थेलर मेंगरच्या. तरी मेंगर सरकारी शिक्क्याचा शत्रू नव्हता. 1892 च्या चलनसुधारणेत, ज्यातून ऑस्ट्रियाचं 'क्रोन' हे चलन आलं, त्याचाही सल्ला घेतला गेला होता. त्या क्रोनचं पुढे काय झालं ते आमच्या अल्बमांत भरलेलं आहे. 1914 मध्ये डॉलरला पाच क्रोन, 1922 च्या ऑगस्टमध्ये ऐंशी हजारांच्या वर. 'दॉइचओस्टराइश' (जर्मन-ऑस्ट्रिया) असा लाल शिक्का मारलेल्या हजाराच्या नोटा आम्ही आज गठ्ठ्यानं विकतो, कुणी ढुंकून बघत नाही. मेंगरच्याच पंथातला ब्योम-बावेर्क तीनदा अर्थमंत्री झाला आणि युरो येईपर्यंत शंभर शिलिंगाच्या नोटेवर झळकला. गंमत म्हणजे तो सरकारी कागदावर.

खरा घोळ पुढे झाला. नातवाची दोह्याला नोकरी. माळ तिकडे नेऊन विकायची. शंभर वर्षांहून जुनं नाणं आपल्या कायद्यात पुरावशेष ठरतं, ते देशाबाहेर नेता येत नाही. विमानतळावरचा कस्टमवाला भिंग लावणार नाही, तो 1780 वाचणार. म्हणून आमच्याकडून तपशीलवार टिपण हवं होतं, पुढच्या सरकारी दाखल्यासाठी. सहा नाण्यांबद्दल मी काय लिहू? व्हिएन्नानं 1858 नंतरही ती दशकानुदशकं पाडली. काही शंभरीपलीकडची असतील, काही नसतील, आणि सगळ्यांवर राणी तीच. सातव्यानं तर आजींच्या आठवणीलाच छेद दिला. मुंबईचं असेल तर लढाईच्या आधी ते एडनहून येऊच शकत नाही.

"एक वेगळं आहे," मी म्हणालो. "हे नंतरचं. कदाचित इथेच मुंबईत पाडलेलं."

आजी हसल्या. "सासूबाईंनी एकदा एक नाणं मोडलं होतं, मुलाच्या आजारपणात. मग सासऱ्यांनी कुठूनतरी आणून भरून काढलं. सहाची माळ बरी दिसत नाही ना."

नातू मात्र नाराज. त्याच्या लेखी सातवं डुप्लिकेट ठरलं होतं. मी त्याला रुपयाची गोष्ट सांगून बघितली, तर तो मोबाइलवर चांदीचा भाव बघत होता.

टिपणात मी लिहिलं: 'नाण्यावरील साल 1780. सहा नाणी व्हिएन्ना, नंतरची पाडणी, काळ अनिश्चित. एक नाणं लंडन किंवा मुंबई, 1936 नंतरचं. सर्व नाणी अस्सल.' शेवटच्या शब्दावर आमचे साहेब अडले. त्यांचं म्हणणं, सातव्याला 'नक्कल' लिहा, नाहीतर उद्या कुणी आपल्याला कोर्टात खेचेल. शिवाय सॉफ्टवेअरमध्ये सालाच्या रकान्यात चारच आकडे बसतात, तिथं 'अनिश्चित' चालत नाही. मी विचारलं, नक्कल कशाची? सन 1780 च्या नाण्याची म्हणाल तर मग सातही नक्कल. ते म्हणाले, वाद नको, आकडा टाका.

आकडा अजून टाकलेला नाही. नातवाचं तिकीट झालंय, आणि आजी आता म्हणताहेत की माळ विकायचीच नाही.